ईपीएस-९५ पेन्शन: २५ वर्षं भरली, ४ वर्षं खातोय, त्याचा रिव्ह्यू

लोक मोबाइलचे रिव्ह्यू लिहितात, मिसळीचे लिहितात, आमच्या नाशकात तर मिसळीवर दर रविवारी एक नवा तज्ज्ञ उगवतो. पण ज्यात माणूस अख्खी नोकरी पैसे भरतो त्या पेन्शनचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही. म्हटलं आता रिकामाच आहे, आपणच लिहू.

प्रॉडक्टचं नाव: कर्मचारी पेन्शन योजना १९९५, बोलीभाषेत ईपीएस-९५. १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू. त्याआधी १९७१ ची फॅमिली पेन्शन होती, ती यातच मिसळली. घ्यायची की नाही हा चॉइस मला नव्हता, पीएफ कापला जातो म्हणजे ही आपोआप आलीच, आणि गंमत म्हणजे सॅलरी स्लिपवर ही कुठे दिसतही नाही कारण पैसे मालकाच्या हिश्श्यातून जातात.

माझ्याबद्दल थोडं. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला होतो, एप्रिल १९९६ ते मे २०२१. पीएफची चलनं मीच भरायचो, म्हणजे ऑनलाइन यायच्या आधी ती चार कॉप्यांची चलनं, कार्बन लावून, आणि वर्षाच्या शेवटी ३ए आणि ६ए फॉर्मचे, म्हणजे वर्षभराच्या वर्गणीच्या तक्त्यांचे गठ्ठे. चलनात अकाउंट नंबर १ म्हणजे पीएफ आणि अकाउंट नंबर १० म्हणजे पेन्शन. तो दहा नंबरचा रकाना मी पंचवीस वर्षं दर महिन्याला भरला, शेपाचशे माणसांचा, त्यात एक मी. त्यामुळे या प्रॉडक्टची आतली बाजू मला बऱ्यापैकी माहीत आहे असं मला वाटत होतं. वाटत होतं.

आधी हे चालतं कसं ते सांगतो. आपल्या पगारातले १२ टक्के पीएफला जातात, मालक तेवढेच १२ घालतो, पण मालकाच्या १२ मधले ८.३३ पेन्शनला आणि उरलेले ३.६७ पीएफला. सरकार वरून १.१६ टक्के टाकतं. पण हे सगळं खऱ्या पगारावर नाही, पगाराला टोपी घातलीय. आधी ५,०००, मग जून २००१ पासून ६,५००, मग १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे पगार पन्नास हजार असला तरी पेन्शनला जाणार १५,००० चे ८.३३ टक्के, १,२५० रुपये. सरकारचे १.१६ टक्के म्हणजे १७४ रुपये. त्याआधी साडेसहा हजाराच्या टोपीत सरकारचे पंचाहत्तर रुपये पडायचे, एका माणसामागे महिन्याला. मिसळ-पावाच्या एका प्लेटचा हिशोब.

आणि पेन्शन मिळणार कशी? पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. बस एवढंच सूत्र. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर दोन वर्षं बोनस. मी रिटायर व्हायच्या आधी कागदावर मांडलं, १५,००० गुणिले २७ भागिले ७०, आले ५,७८५. बायकोला सांगितलं, पावणेसहा हजार येतील, किराणा निघेल. प्रत्यक्षात आले ३,४०० आणि वर थोडी चिल्लर. मला आधी वाटलं कोणाचीतरी चूक झाली, दोन रात्री वही घेऊन बसलो, तर चूक माझीच. सप्टेंबर २०१४ च्या आधीची जी सव्वाअठरा-साडेअठरा वर्षं आहेत त्यांना साडेसहा हजाराचा भाव लागतो आणि नंतरच्या पावणेसात वर्षांनाच १५,००० चा. पंचवीस वर्षं चलन भरणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, कबूल करतो. पण मग बाकीच्यांचं काय होत असेल विचार करा, आमच्या शॉप फ्लोअरवरच्या लोकांना तर ७० हा आकडा कुठून आला हेच ठाऊक नव्हतं, कोणी म्हणायचं सत्तर वर्षं जगलो तरच मिळते.

बरं मग मी काय केलं, एक्सेल काढलं. १९९६ ला माझा बेसिक २,२००, म्हणजे पेन्शनला जायचे १८३ रुपये. तिथून सुरू करून शेवटच्या १,२५० पर्यंत प्रत्येक महिना टाकला आणि सरसकट साडेआठ टक्के व्याज धरलं. निव्वळ मालकाने भरलेले पैसे, सरकारचे सोडून, पाच लाखांच्या आसपास होतात. सरकारचे धरले तर अजून सत्तरेक हजार. आता ३,४०० गुणिले १२ म्हणजे ४०,८००. आणि पाच लाखांवर आठ टक्के व्याज म्हणजे ४०,०००. आलं लक्षात? मला माझ्याच पैशाचं व्याज मिळतंय, दर महिन्याला, पेन्शन म्हणून. मुद्दल मात्र गल्ल्यातच. पूर्वी थोडी कमी पेन्शन घेऊन मुद्दल वारसाला परत मिळायची सोय होती, पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचीही सोय होती, दोन्ही २००८ ला बंद केल्या.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मग एक स्टार दे आणि विषय संपव. थांबा.

आमच्या टूलरूमला एक पोरगा होता, १९९९ ला हायवेवर गेला बिचारा, नोकरीला जेमतेम तीन वर्षं. त्याच्या नावाने अकाउंट दहाला जमा किती असतील, दहाएक हजार. त्याच्या बायकोला तेव्हापासून पेन्शन चालू आहे, आजही. दोन पोरं होती, प्रत्येकाला बायकोच्या पेन्शनच्या पंचवीस टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत. रक्कम छोटीच होती पण महिन्याच्या महिन्याला येत होती, आणि तिचे कागद मीच केले होते म्हणून मला माहीत आहे. यात नियम असा की सदस्य नोकरीत असताना गेला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन. एरवी पेन्शनला दहा वर्षं नोकरीची अट असते, ती तिथे नाही. माझं मुद्दल जे गल्ल्यात राहिलं म्हणतो ना, ते अशांच्या घरी गेलं. एलआयसीला असली पॉलिसी मागितली तर हप्ता किती लावतील ते सांगायला नको. त्यामुळे तरुण माणसाचा विमा म्हणून मी या प्रॉडक्टला साडेचार स्टार देईन, डोळे झाकून. म्हातारपणची पेन्शन म्हणून दीड. भांडण आहे ते या दोन्ही गोष्टी एकाच गल्ल्यातून, आणि तेही टोपी घातलेल्या पैशातून करायच्या यावरून.

आता मुख्य मुद्दा, आणि हे मला साडूमुळे कळलं. साडू जिल्हा परिषदेतून रिटायर झाला, जुन्या पेन्शनवाला. शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, दर सहा महिन्यांनी वाढ. गेल्या गणपतीत आमच्याकडे जेवायला होता, मोदक चेपत चेपत म्हणाला, अरे तुमची पेन्शन पण ठरलेलीच आहे ना, सूत्र आहे ना, मग रडता का. त्याचं बरोबर होतं आणि चूकही होतं. त्याच्या पेन्शनमागे गल्ला असा काही नाहीच. आज राज्याच्या तिजोरीत जो टॅक्स येतो त्यातून आज त्याची पेन्शन जाते, कमी पडलं तर तिजोरी बघून घेईल, त्याला काय. आमच्यात सूत्र ठरलेलं, पण वर्गणीही ठरलेली. दोन्ही टोकं खिळे ठोकून पक्की केलीत. मधे तूट आली तर? मालक म्हणणार मी माझे ८.३३ दिले, माझा संबंध संपला. सरकार म्हणणार मी माझे १.१६ दिले. कामगार तर पेन्शनला थेट काही देतच नाही. म्हणजे भिशी आहे पण भिशी चालवणारा जबाबदार नाही.

मग तूट कोण भरतं? उत्तर वहीत सापडलं. दरवर्षी सरकार ॲक्च्युअरीकडून (विमा-पेन्शनचा लांब पल्ल्याचा हिशोब मांडणारा तज्ज्ञ) या फंडाचं व्हॅल्युएशन करून घेतं, म्हणजे पुढची पन्नास-साठ वर्षं किती द्यावे लागतील आणि हातात किती आहे याचा ताळा. सुरुवातीच्या काही वर्षांत पेन्शनमध्ये दरवर्षी थोडी थोडी वाढ दिली जायची. मग ताळ्यात तूट दिसायला लागली आणि वाढ बंद झाली ती झालीच. २००९ च्या व्हॅल्युएशनला तूट ५०,००० कोटींच्या वर होती. उपाय काय केले? २००८ ला एकरकमी बंद, मुद्दल बंद, वयाच्या अठ्ठावन्नच्या आधी पेन्शन घेणाऱ्याची कपात वर्षाला ३ टक्क्यांवरून ४. २०१४ ला शेवटच्या १२ महिन्यांच्या पगाराच्या जागी ६० महिन्यांची सरासरी, आणि १५,००० च्या वर पगारावर नव्याने नोकरीला लागणाऱ्याला या योजनेत प्रवेशच नाही. वर्गणीचा टक्का मात्र १९९५ ला जो होता तोच आज. म्हणजे तूट भरली पेन्शनरनेच, एकदम नाही, थोडी थोडी, आणि उरलेली महागाई भरून काढते. आमचे एक सिनियर २००५ ला रिटायर झाले, त्यांना तेव्हा जी पेन्शन बसली तीच आज आहे. तेव्हा त्यात गॅसचे तीन-चार सिलिंडर आले असते, आज दोनही येत नाहीत. आकडा ठरलेला आहे हो, किंमत ठरलेली नाही.

माझी भाची आणि तिचा नवरा इंग्लंडला असतात, तो तिकडे युनिव्हर्सिटीत शिकवतो. त्याच्या पेन्शन फंडाचं नाव यूएसएस. तिथेही सूत्राची पेन्शन, पण गल्ल्यातली. २०१८ ला तिकडच्या प्राध्यापकांनी या पेन्शनसाठी संप केला होता, बर्फात उभे राहून. त्याने फोनवर सांगितलं ते ऐकून मी उडालोच. मार्च २०२० च्या व्हॅल्युएशनला त्यांच्या फंडात तूट किती, १४.१ अब्ज पौंड. मग २०२२ ला पेन्शन कापली. मार्च २०२३ ला पुन्हा ताळा केला तर तूट गायब, उलट ७.४ अब्ज पौंड जास्त! तीन वर्षांत काही सोन्याची खाण सापडली नव्हती. व्याजदर वाढले, आणि व्याजदर वाढले की पन्नास वर्षांनी द्यायच्या पैशाची आजची किंमत कमी दिसते, एवढंच मुख्य कारण. मग वर्गणी कमी केली आणि एप्रिल २०२४ पासून कापलेलंही परत दिलं. म्हणजे तूट ही वस्तू काही प्रमाणात गृहीत धरण्यावर असते, ॲक्च्युअरीने कोणता दर धरला, माणूस किती जगेल धरलं, यावर. ॲक्च्युअरी खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही, मीही बजेट बनवलेली आहेत, गृहीतं धरावीच लागतात. पण तिकडे तूट दिसली की मालक, कामगार आणि युनियन एका टेबलावर भांडतात कोण किती जास्त भरणार यावर. आपल्याकडे कोणीच जास्त भरणार नाही हे आधीच ठरलेलं, मग भांडायचं कोणाशी?

भांडणारे आहेत म्हणा. बुलढाण्याला २०१८ पासून ईपीएसवाल्यांचं साखळी उपोषण चालू झालं, एसटीचे, वीज मंडळाचे, साखर कारखान्यांचे, सहकारी बँकांचे म्हातारे, मागणी ७,५०० आणि वर महागाई भत्ता. आता सध्या किमान पेन्शन १,००० आहे, सप्टेंबर २०१४ पासून तीच. गंमत सांगतो, २०१३ ला राज्यसभेच्या याचिका समितीने शिफारस केली होती की किमान पेन्शन ३,००० करा आणि सरकारचा हिस्सा १.१६ वरून ८.३३ टक्के करा. समितीचे अध्यक्ष कोण, भगतसिंह कोश्यारी. तेच पुढे आपले राज्यपाल होऊन मलबार हिलवर साडेतीन वर्षं राहून गेले. तीन हजार काही आले नाहीत. माझ्या मते शिफारशीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता, कारण नुसती किमान पेन्शन वाढवा म्हणणं सोपं आहे, पैसे कुठून आणायचे हे त्या समितीने निदान सांगितलं तरी. आंदोलनातल्या आपल्याच लोकांचं मला एक पटत नाही, ते म्हणतात फंडात लाखो कोटी पडलेत, व्याजातूनच सगळ्यांना साडेसात हजार देता येतील. अहो ते पडलेले पैसे आज नोकरीत असलेल्या पोरांचे आहेत. ते आज खाल्ले तर माझ्या जावयाला काय मिळणार, घंटा?

आता वाढीव पेन्शनची भानगड, यात मी स्वतः अडकलो होतो म्हणून जरा सविस्तर. काही लोकांचा पीएफ टोपीवर न कापता पूर्ण पगारावर कापला जायचा, आमच्या कंपनीत तसंच होतं. मग या लोकांनी म्हटलं आमची पेन्शनही पूर्ण पगारावर द्या, फरक आम्ही भरतो. कोर्टकचेऱ्या झाल्या, केरळ हायकोर्टाने २०१८ ला वर सांगितलेली २०१४ ची दुरुस्तीच उडवली, आणि शेवटी ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, उदय लळित सरन्यायाधीश होते, निवृत्तीच्या चार दिवस आधी. दुरुस्ती बऱ्यापैकी कायम ठेवली, ६० महिन्यांची सरासरीही राहिली, पण अर्ज करायला चार महिने दिले, ते पुढे वाढत वाढत जुलै २०२३ पर्यंत गेले. सतरा लाखांवर अर्ज आले. आणि १५,००० च्या वरच्या पगारावर जे १.१६ टक्के कामगाराकडून घ्यायचं ठरवलं होतं ते कोर्टाने रद्द केलं, कारण कायद्यात कामगाराने पेन्शनला वर्गणी द्यायची सोयच नाही. मग सरकारने काय केलं, मे २०२३ ला म्हटलं ठीक आहे, वरच्या पगारापुरते ते १.१६ मालकाच्या बारातूनच घेऊ, म्हणजे ८.३३ चे झाले ९.४९ आणि तेवढे पीएफमधून कमी. या खिशातून त्या खिशात, शर्ट तोच.

यात सरकारचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता हे मला चलनं भरल्यामुळे पटतं. ज्याचा पगार शेवटी लाखावर गेला त्याने सुरुवातीला वर्गणी भरली दोन-तीन हजारांवर, आणि पेन्शन मागतो शेवटच्या पगारावर. व्याजासकट फरक भरला तरी ताळा जुळतोच असं नाही, आणि जो फरक राहील तो जातो कुठून, तर बारा-पंधरा हजारवाल्या कामगाराच्या वाटणीतून. एकच गल्ला आहे ना. पण मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, वीस वर्षांनी नव्हे.

मी अर्ज भरला. जुने वेजेस अपलोड करायचे म्हणून आमच्या कंपनीत गेलो, तर एचआरला बसलेली मुलगी म्हणाली काका २००५ च्या आधीचं काही सिस्टिमला नाही. रजिस्टरं कुठायत विचारलं तर मागच्या शेडला. गेलो. कुलूप काढून आत पाहिलं तर ३ए चे गठ्ठे, माझ्याच अक्षरातले, वरून शाबूत आणि हात लावला की आतून भुसा, वाळवी. मी तिथेच एका मोडक्या खुर्चीवर बसलो थोडा वेळ. नंतर घरी येऊन हिशोब केला, माझ्या अंदाजाने साडेसहा लाख परत भरावे लागले असते, त्यावर महिन्याला साधारण चार-साडेचार हजार वाढले असते. पुन्हा तेच, स्वतःच्या पैशाचं व्याज आणि मुद्दल गेलं. शिवाय ते साडेसहा लाख होते कुठे, ते मुलीच्या लग्नात आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये गेले होते. अर्ज तसाच सोडून दिला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

तिकडे सरकारी नोकरांनी मार्च २०२३ ला "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर राज्य थांबवलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी युनिफाइड पेन्शन आली. पंचवीस वर्षं नोकरी तर निम्मा बेसिक, दहा वर्षं नोकरी तर किमान १०,०००. किमान आमच्या दहापट. पण वर्गणी बघा, सरकार १८.५ टक्के आणि कर्मचारी १०, तेही टोपीशिवाय. हे पाहून मला राग नाही आला, उलट पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी कागदावर लिहिलंय की पेन्शन अशी पाहिजे असेल तर एवढे पैसे घालावे लागतात. साडेअठ्ठावीस विरुद्ध आमचे साडेनऊ, फरक तिथेच आहे.

सर्व्हिसबद्दल: इथे खरंच सुधारणा आहे. जानेवारी २०२५ पासून कुठल्याही बँकेतून पेन्शन घेता येते, पूर्वी गाव बदललं की पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवायचं लचांड होतं. हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरची रांग गेली. आमच्या लेथवरच्या एका दोस्ताचा अंगठा मशीनवर उठतच नाही, चाळीस वर्षं लोखंड घासून रेषाच गेल्यात, दरवर्षी त्याला जिवंत असल्याचं सिद्ध करायला अर्धा दिवस लागायचा. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, डोळे मिचकावायला सांगतात, तो म्हणतो बायकोनंतर मला डोळा मारायला सांगणारं हे पहिलंच.

रेटिंग ५ पैकी २.५. बायको म्हणते ३ दे कारण माझ्यामागे तिला निम्मी मिळणार, १,७००. तिचा अर्धा स्टार तिच्या नावाने धरा.

तरुण पोरांसाठी एकच, नोकरी बदलताना १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या नोकरीची वर्षं पुढे धरायचा दाखला) घ्या नाहीतर ट्रान्सफर करा, दहा वर्षं पूर्ण होणं महत्त्वाचं आहे. आणि पासबुकात शेवटचा पेन्शनचा रकाना असतो तो बघत जा, त्यावर व्याज दिसत नाही म्हणून घाबरू नका, तिथे व्याज दाखवतच नाहीत. आणि कंपनीत कोणाला ओळखत असाल तर जुनी रजिस्टरं स्कॅन करायला सांगा.